मिरचीचा हात

अंगणात ताडपत्रीवर लाल मिरची पसरली होती आणि तिच्या कडेला गंगव्वा देठ खुडत बसली होती. पाठ भरून आली की एक पाय दुमडायचा, दुसरा लांब करायचा, पदर नाकावर ओढून शिंकून घ्यायचं आणि पुन्हा हात चालू. कोल्हापूरच्या डंकवाल्याला, चटणी कांडून विकणाऱ्याला, देठ काढलेलीच मिरची हवी होती, आणि रानातली सगळी मिरची आता घरी येऊन पडली होती.

मिरचीच्या दिवसांत बाईचा हात दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा राहत नाही. आधी गोडं तेल चोळून बसलं तर निभावतं, तरी संध्याकाळी बोटं भगभगतातच. तो हात डोळ्याला लावायचा नाही, नाकाला लावायचा नाही, आणि लेकराला तर नाहीच नाही. गंगव्वाला हे लहानपणापासून ठाऊक. सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं तिचं माहेरही मिरचीचंच होतं.

सोप्याच्या खिडकीतून आतले आवाज बाहेर येत होते. एक आवाज तिच्या लेकीचा, शांभवीचा. दुसरा तिच्या धाकट्या जावेचा, शिवलीलाचा. जाऊ एक ओळ वाचायची, पोरगी पुढची वाचायची, आणि मधेच कशावरून तरी दोघी हसायच्या. वाचण्याचं गंगव्वाला काही वाटत नव्हतं. हसणं मात्र तिला सोसत नव्हतं. एवढं हसायला काय झालं? आणि हसायचंच तर बाहेर येऊन हसा की, आमचं काय जातंय, असं ती मनात म्हणायची आणि देठाऐवजी अर्धी मिरची तोडून टाकायची.

तेवढ्यात शांभवी पळत बाहेर आली. परसात काठी रोवून तिच्या सावलीवरून वेळ ओळखायचं तिला काकूनं शिकवलं होतं.

"अव्वा, किती वाजलं सांगू? घड्याळ न बघता सांगती बघ!" असं म्हणत तिनं मागून आईच्या गळ्यात उडी मारली.

"लांब हो! मिरचीचा हात हाय माझा, दिसत न्हाय व्हय?" गंगव्वा ओरडली.

तिला ओरडायचं नव्हतं. पण मिरचीच्या ढिगात बसून गोड बोलायला कुणाला जमतं? पोरगी मागं सरकली. किती वाजले ते सांगायचं राहूनच गेलं. खिडकीतून शिवलीलाची हाक आली, "ये गं, वेणी सुटली आहे तुझी, घालून देते," आणि शांभवी जशी आली तशी पळत आत गेली. गंगव्वा बघत राहिली. तिचे हात लाल होते आणि आतल्या बाईचे हात स्वच्छ होते, सगळा फरक तेवढ्यातच होता.

सुरुवातीला तिलाच बरं वाटलं होतं, हे खोटं नाही. दिवाळीनंतर शांभवीला कावीळ झाली आणि ती अंथरुणाला खिळली. गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एक मास्तर. दुसऱ्याची बदली झाली ती झालीच. तिसरीत जाऊनही पोरीला जोडाक्षरं फुटत नव्हती. उन्हाळ्यात लग्न होऊन घरात आलेली शिवलीला कोल्हापूर शहरातली, डी.एड. झालेली, नोकरीच्या कॉलची वाट बघत बसलेली. तिनं पोरीच्या उशाशी बसून गोष्टी वाचायला सुरुवात केली. कावीळ उतरली तेव्हा शांभवी आजोबांना पेपर वाचून दाखवायला लागली होती. सासरे, चनबसाप्पा, खूश झाले. "नाव शाळंत ऱ्हाऊ दे, परीक्षेपुरती जाईल. शिकायचं ते घरातच शिकू दे," असं त्यांनी ठरवून टाकलं. घरात सासू नव्हती आणि सासऱ्यांच्या शब्दापुढं कुणी जात नव्हतं.

मग हळूहळू सगळंच शिवलीलाकडं गेलं. अभ्यास तिच्याकडं, वेणी तिच्याकडं. धाकटा दीर सोमशेखर दुधाच्या टँकरवर, तो आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर. म्हणून पोरगी झोपायलाही तिच्याजवळ. ठेच लागली तर दाखवायला तिच्याकडं. 'काकी' म्हणायची ती आता 'चिगव्वा' म्हणू लागली. हा शब्द गंगव्वानंच तिला शिकवला होता. आमच्या माहेरी असं म्हणतात, म्हण की, असं कौतुकानं सांगितलं होतं. आता दिवसभर तोच शब्द कानावर पडायचा.

आणि शिकवणारी बाई म्हणून शिवलीलाला रानाचं काम माफ. हेही सासऱ्यांनीच ठरवलेलं. गंगव्वा सकाळी वाकायची ती दिवेलागणीला ताठ व्हायची. धाकटी सावलीत बसून गोष्टी सांगायची. घरात कुणी वाईट नव्हतं, कुणी तिला टाकून बोलत नव्हतं, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती. तिला हेवा वाटत होता, सरळ हेवा, आणि तो कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

त्याच दिवशी दुपारी शाळेतले ते एकटे मास्तर, पिराजी गुरुजी, आले. सायकल भिंतीला टेकवून, टोपी काढून सोप्यात बसले. जनगणनेची पिशवी खांद्याला होतीच.

"घरातली माणसं मोजायला आलाय व्हय?" चनबसाप्पांनी विचारलं.

"ती मोजून झाली, अप्पा. आज तुमच्या नातीसाठी आलोय. साहेब तपासणीला यायचं हायत. शाळंत पोरं दिसली पायजेत. आणि खरं सांगू? तिला शाळंत धाडा आता. लई दिस झालं."

"शाळंत शिकवतंय कोण? तुम्ही तर दारोदार फिरताय."

गुरुजी ओशाळले. माणूस प्रामाणिक होता. "कोण न्हाय. मी नसलो की चौथीची पोरं पहिलीला सांभाळत्यात. पण शाळा म्हंजे नुसतं शिकवणं न्हवं की. पोर पोरांत वाढतंय. इथं तिच्यासंगं भांडणारं कोण हाय? तिला हरवणारं कोण हाय? सगळी कौतुक करणारीच."

शिवलीला दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी म्हणतात ते बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. पण अजून थोडे दिवस राहू दे. तिचं वाचन आता कुठं सुटलंय. पाया पक्का झाला की मीच सोडायला येईन."

"मला कळत न्हाय असं न्हाय, गुरुजी," चनबसाप्पा म्हणाले. "पण शाळंत दोन वर्सं बसून जे झालं न्हाय ते हितं झालं. मी काय बघून धाडू?"

गंगव्वा स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. एरवी ती मधे बोलली नसती.

"शाळंत घाला तिला," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. "का गं?" सासऱ्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

का? खरं कारण तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं. "सगळ्यांची पोरं जात्यात. आपलीच तेवढी घरात बसलीया. लोक इच्यारत्यात," असं ती कसंबसं म्हणाली. बोलतानाच तिला कळलं की हे काही कारण नव्हे.

चनबसाप्पांनी नातीला हाक मारली. ती येऊन त्यांच्या मांडीला रेलली. "तू सांग, बाळ. तुला शाळंत जायचंय का घरात शिकायचंय?"

"मला चिगव्वाजवळ शिकायचंय," शांभवी म्हणाली.

पोरगी नुसतं 'घरात' म्हणाली असती तर चाललं असतं. घर गंगव्वाचंही होतं. गुरुजी हसले, सासरे हसले, शिवलीला मात्र हसली नाही. तिनं पटकन गंगव्वाकडं पाहिलं आणि खाली बघितलं. ती अशी खाली बघते याचाच गंगव्वाला जास्त राग आला. तिनं चहाचं आधण चुलीवर ठेवलं आणि जाळ इतका घातला की चहा उतू गेला.

दोन दिवसांनी आभाळ आलं. माघातलं आभाळ, पाऊस पडेल न पडेल, पण हवेत ओल आली तरी वाळलेली मिरची मऊ पडते, काळी डागाळते, आणि मग डंकवाला हातात घेऊन परत टाकतो. गंगव्वाचा नवरा प्रभुलिंग गाडी ठरवायला कोल्हापूरला गेला होता. रोजगाराच्या बायका ऊसतोडीकडं वळलेल्या. त्यांच्यातली अंबूबाई तेवढी सकाळी येऊन गेली, तीही गावातल्या गप्पा सांगायला, कामाला नव्हे.

"एकटीच बसलीस व्हय गं?" अंबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझी धाकटी काय करतीया?"

"शिकवतीया."

"शिकवू दे बाई. आमच्या नशिबात असली शाळा न्हवती." ती जायला निघाली आणि वळली. "परवा देवळात तुझ्या शांभवीला कुणीतरी इच्यारलं, कुणाची गं तू? तर म्हणती, शिवलीला चिगव्वाची. आम्ही सगळ्या हसलो. पोरांचं काय, जिथं माया तिथं."

अंबूबाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिच्या बोलण्यातलं निम्मं खोटं असायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गंगव्वालाही माहीत होतं. पण निम्मं खरं असायचं त्याचं काय करायचं? नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मिरचीच्या ढिगात बसून तिला त्या दिवशी नव्यानं कळलं.

ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "शिवलीला, आभाळ आलंया. एकट्या माझ्यानं उरकत न्हाय. हातभार लाव की."

शिवलीला लगेच उठली. "हो अक्का, आलेच. मी केव्हाची म्हणत होते, पण मामंजी नको म्हणतात." तिनं पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या. तिला रानात पाठवू नका म्हणणारे सासरे शेजारच्या मळ्यात गेले होते.

ती पाट घ्यायला आत वळली तेवढ्यात गंगव्वानं तेलाची वाटी पुढं ओढली. स्वतःचे हात, मनगटं, नखांच्या कडा नेहमीसारख्या तेलानं चोळल्या. वाटीत तेल उरलं होतं. नवख्या बाईला आधी तेल द्यायचं, चोळून बस म्हणायचं, ही त्या भागातली साधी रीत. रोजगारी बाईलासुद्धा कुणी तेलाशिवाय मिरचीवर बसवत नाही. गंगव्वानं वाटी उचलली आणि पोत्याच्या मागं सारली.

मान वर केली तर शांभवी उंबऱ्यात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तांब्या आईजवळ ठेवला आणि आत गेली.

शिवलीला समोर येऊन बसली. "कसं करायचं अक्का?"

"काय न्हाय. देठ धरायचा आणि मोडायचा."

धाकटी मन लावून करत होती. हळू होती, पण एकही मिरची फुकट घालवत नव्हती. मधे मधे काहीतरी बोलत होती, तिच्या आईच्या घरी तयार चटणीच आणतात, मिरचीला एवढे कष्ट असतात हे ठाऊकच नव्हतं, असं. गंगव्वा हूं हूं करत होती. थोड्या वेळानं शिवलीला बोलायची थांबली. मग बोटं पदराला पुसू लागली. मग दोन्ही हात हवेत धरून फुंकर घालू लागली.

"फार झोंबतंय हो."

"व्हतंय सवयीनं," गंगव्वा म्हणाली.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. जावेची गोरी बोटं सुजत चालली होती, कातडी तांबडी पडली होती, आणि तरी ती उठत नव्हती. एकदा गंगव्वाच्या मनात आलं, वाटी काढून द्यावी. पण एवढ्या उशिरा काढली तर आधी का नाही दिली म्हणून विचारील. म्हणून ती तशीच राहिली.

दिवस कलला तशी शिवलीला उठली. सोमवार होता, शांभवीला घेऊन बसवाण्णाच्या देवळात जायची तिची पद्धत होती. न्हाणीत जाऊन तिनं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, गार पाण्यात बुडवून धरले. "साबण लावला, आता जाईल ना?" तिनं आतून विचारलं. गंगव्वा ताडपत्रीची टोकं उचलत होती. ऐकलं नाही असं तिनं दाखवलं. साबणानं मिरची जात नाही. हेही तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

ताडपत्री दुमडून ती खिडकीखाली आली. आतून लेकीचा आवाज आला. "चिगव्वा, काजळ घाल की."

काजळ घालायलाही तीच. गंगव्वाच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. मी जन्म दिला, मी पाचवी पुजली, आणि काजळ घालायला ती. हे मनात पुरतं येऊन गेलं आणि मग तिला हात आठवला. जावेचा हात. बोट काजळात बुडवून डोळ्यात फिरवायचं, कापडानं नाही, काडीनं नाही, उघड्या बोटानं.

"शिवलीला, थांब!" ती ओरडली. पण तोवर आतून किंकाळी आली होती.

ती धावत आत गेली. शांभवी जमिनीवर बसून पाय आपटत होती, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालांवर काजळाचे ओघळ. शिवलीला तिच्यासमोर गुडघ्यांवर, स्वतःचे हात अंगापासून लांब धरून, पांढरी पडलेली. तिलाही आता कळलं होतं.

"अव्वा! अव्वा, जळतंय! अव्वा!"

किती दिवस गंगव्वा ही हाक ऐकायला आसुसली होती. पोरगी चिगव्वा म्हणाली नाही, अव्वा म्हणाली. चाचपडत, आंधळ्यासारखी हात पुढं करत आईकडंच आली. आणि गंगव्वाला तिला धरता येईना. तिचे हात सकाळपासून मिरचीत होते. तिनं ते पाठीमागं नेले, कोपरांनी पोरीला जवळ ओढायला बघितलं, पोरगी तिच्या पोटाशी डोकं घासू लागली तशी ती मागं सरकली, कारण लुगडंही मिरचीनंच माखलं होतं. दोन बायका समोर असून लेकराला हात लावायला कुणी नव्हतं.

आरडाओरडा ऐकून चनबसाप्पा मळ्यातून धावत आले. म्हाताऱ्यानं नातीला उचलून रांजणाजवळ नेलं, डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारले, मग धुतलेलं फडकं धारेच्या दुधात भिजवून डोळ्यांवर धरलं. बराच वेळ पोरगी हमसत राहिली. डोळे सुजून बंद झाले होते.

"कुणी काजळ घातलं?" त्यांनी विचारलं.

"मी," शिवलीला म्हणाली. "माझीच चूक झाली, मामंजी."

"मिरचीवर बसलीतीस? तेल लावलं न्हवतंस हाताला?"

शिवलीलानं वर पाहिलं. तिची नजर गंगव्वाच्या हातांवर गेली. त्या हातांवर तेल चमकत होतं, बोटांच्या पेरापर्यंत. गंगव्वाला वाटलं, आता बोलली. आता म्हणणार, मला कुणी दिलंच नाही.

"विसरले मी," शिवलीला म्हणाली.

चनबसाप्पा तिला कधी लागेल असं बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "एवढी शिकलीस आणि लेकराच्या डोळ्यांत मिरची घालतीस? आता बास झाली घरची शाळा. डोळं बरं होऊ देत, पोरगी शाळंत जाईल." शिवलीला मान खाली घालून ऐकत राहिली. फडक्याखालून शांभवीही ऐकत होती.

गंगव्वाला हवं होतं ते मिळालं होतं. पोरगी त्या संध्याकाळपासून तिच्याजवळ झोपू लागली. तिनं हात तेलानं, ताकानं, राखेनं चोळून चोळून धुतले आणि तरी पोरीच्या तोंडावरून हात फिरवायचं धाडस तिला झालं नाही.

डोळ्यांची सूज उतरली त्या सकाळी ती स्वतः शांभवीला घेऊन शाळेकडं निघाली. मिरची उघडी होती, आभाळ निवळलं होतं, काम सोडून जायचे दिवस नव्हते. पण हे काम तिला कुणाला द्यायचं नव्हतं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ती न विचारता सांगत होती, "शाळंत निघालोय." पोरगी दप्तर लावून शेजारी चालत होती. डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या.

ओढ्याच्या अलीकडं ती म्हणाली, "अव्वा, तू तेलाची वाटी पोत्यामागं ठिवलीतीस न्हवं?"

"कसली वाटी?"

"त्या दिशी. चिगव्वा पाट आणायला गेलती तवा."

"मला न्हाय ठावं. चल, उशीर झालाय."

शांभवीनं मान वर करून आईच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग ती पुढं बघून चालू लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पिराजी गुरुजी त्या दिवशी शाळेत होते. पोरीला बघून त्यांचं तोंड उजळलं. "आली का आमची बाई! ये, ये. आणि हे डोळं कशानं लाल झालं गं?"

गंगव्वा दारात उभी होती. सांगू दे की, तिला वाटलं. काकूच्या हाताची मिरची लागली म्हणून सांगू दे. ते खरंच होतं. सगळ्या गावाला एव्हाना तसंच कळलं होतं.

"माझीच चूक झाली, गुरुजी," शांभवी म्हणाली. "मिरचीचा हात डोळ्याला लावला. विसरले मी."

"अगं, मिरचीवाल्याच्या घरातली तू. एवढं कळू न्हाय?" गुरुजींनी तिच्या डोक्यावर टपली मारली. पोरं खदखदून हसली. शांभवी खाली बघत आपल्या वर्गाच्या ओळीत जाऊन बसली. जागा कुणी दिली नाही, तर दोन पोरींना कोपरानं सरकवून बसली. आईकडं तिनं वळून पाहिलं नाही.

गंगव्वा घरी आली तेव्हा शिवलीला अंगणात मिरचीवर बसली होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. वाटी पुढ्यात होती, हात तेलानं माखलेले. सुजलेल्या बोटांची सालं निघायला लागली होती.

"रडली का, अक्का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

गंगव्वा समोर बसली. तेल लावलं. देठ खुडायला लागली. ढीग थोडा खाली गेला. शेवटी गंगव्वालाच राहवेना.

"त्या दिशी मामंजींनी इच्यारलं तवा खरं का सांगितलं न्हाईस? तुला कळलंतं की. माझ्या हाताकडं बघितलंस तू."

शिवलीलानं हातातला देठ मोडून बाजूला टाकला. "शांभवी तिथंच होती ना," ती म्हणाली.

"मग?"

"तिनं ऐकलं असतं."

गंगव्वाचा हात थांबला. जावेनं आपल्याला वाचवलं ते आपल्यासाठी नाही, पोरीसाठी, हे तिला तेव्हा कळलं. पोरीच्या मनात आई वाईट ठरू नये म्हणून ही बाई बोलणी खाऊन गप्प बसली होती. आणि आई मात्र ओढ्यावर पोरीसमोर खोटं बोलून आली होती.

"तिला ठावं हाय," गंगव्वा म्हणाली. "तिनं बघितलंतं वाटी सारताना. आज वाटंत इच्यारलं मला. मी न्हाय म्हणाले." मग तिनं पुढचंही सांगून टाकलं, न सांगता राहवेना म्हणून. "आणि गुरुजींनी इच्यारलं तर म्हणती, माझीच चूक झाली. माझाच हात लागला. विसरले मी."

शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मिरचीचे, त्यामुळं पुसता येईना. तिनं तोंड वळवलं आणि खांद्यानं गाल पुसला. ते पाणी कौतुकाचं होतं का दुःखाचं हे गंगव्वाला कळलं नाही. पण तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की पोरगी तसं बोलली ती हिच्याकडून शिकून बोलली. माझ्याकडून शिकली असती तर 'मला न्हाय ठावं' म्हणाली असती. पोरगी शाळेत गेली, माझ्या कुशीत झोपायला आली, आणि तरी हिचीच राहिली. तिला हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त वाटला, आणि या वेळी तो कुणावर काढायला जागा नव्हती.

तिनं पुढ्यातली मिरची ओढली. घरी आल्यावर पोरीला काय सांगायचं याचा ती विचार करू लागली. शाळा सुटायला अजून अख्खा दिवस होता.